गिरगावातल्या जुन्या चाळीत भिंतीवर टीव्ही लावायचाय, सल्ला हवा

सूनबाई, ठाकूरद्वार
नमस्कार मंडळी. सासऱ्यांची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लागणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गातली. ४३ इंची टीव्ही घेतलाय, वजन साधारण ९ किलो. टेबल ठेवलं तर रात्री गाद्या घालायला जागा उरत नाही, म्हणून भिंतीवरच हवा. बसवायला आलेल्या माणसाने भिंत वाजवून पाहिली आणि गॅरंटी देणार नाही म्हणून सांगितलं. गिलावा चुन्याचा आहे, खिळा ठोकला की भुगा पडतो. बाबांना पलंगावरून आणि खिडकीतल्या खुर्चीवरून, दोन्हीकडून दिसावा म्हणून पुढे येणारा आर्म लावू असं दीर म्हणतात. कसं करावं?

नायगावकर
बीडीडी चाळीत आम्ही बिनधास्त लावलाय. पण तिथल्या भिंती काँक्रीटच्या, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) चालवल्याशिवाय बिट आत जातच नाही. गिरगावात तसं करू नका.

परळचा सुतार
ताई, ब्रॅकेटचं नंतर बघू. आधी भिंत कशाची आहे ते कळायला हवं. या चाळींत बाहेरची भिंत जाड विटांची असते, पण दोन खोल्यांमधली बहुतेक वेळा लाकडी खांबांच्या सांगाड्यात साडेचार इंची विटा भरलेली. कुठे नुसतं फळ्यांचं पार्टिशन असतं आणि वरून गिलावा केलेला, दिसायला सगळं सारखंच.

टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा. हॅमर बंद ठेवून, हळू. आधी पांढरी भुकटी येईल, तो गिलावा. लाल आली की वीट लागली. लाल येता येता एकदम पांढरट येऊन बिट सुळकन आत गेलं तर ते विटांमधल्या सांध्यात आहे, ती जागा सोडा. लाकडाचा भुसा आला तर खांब किंवा फळी. लाल कुठून सुरू झाली तिथे बिटला टेप गुंडाळा, म्हणजे गिलावा किती जाड ते मोजता येईल.

हे मोजणं फार महत्त्वाचं आहे. गिलावा अडीच-तीन सेंमी असेल आणि ब्रॅकेटबरोबर आलेली गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) चार-पाच सेंमीची असेल, तर ती अर्धीअधिक गिलाव्यातच राहते. चुन्याचा गिलावा वजन धरत नाही, पोपड्यासकट सुटतो. विटेत किमान पाच सेंमी पकड हवी, म्हणून १०० मिमी लांबीचे फ्रेम प्लग, म्हणजे लांब गिट्ट्या घ्या, नागदेवी स्ट्रीटला मिळतील. फुगणारे लोखंडी अँकर फास्टनर नकोत. ते विटेला बाजूने रेटतात आणि जुनी वीट चिरते. वीट भुसभुशीत निघाली तर केमिकल अँकर वापरा, तो रेटत नाही, चिकटून धरतो.

आणि ब्रॅकेट थेट भिंतीवर नका लावू. १८ मिमीचा प्लाय टीव्हीपेक्षा थोडा लहान कापून घ्या, तो सहा-आठ ठिकाणी भिंतीला धरा आणि ब्रॅकेट प्लायवर लावा. ब्रॅकेटची भोकं जिथे आहेत तिथेच पाडावी लागतात, नेमका सांधा आला तरी. प्लायला मात्र चांगली वीट शोधून भोक पाडता येतं.

आर्म नकोच. टीव्ही ४० सेंमी पुढे ओढला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंमी अंतर असलं, तर वरचे स्क्रू १८ किलोच्या जोराने बाहेर खेचले जातात. फिक्स ब्रॅकेटवर टीव्ही भिंतीपासून पाच सेंमीवर राहतो, तेव्हा हाच जोर सव्वादोन किलोच्या आसपास. शिवाय आर्म रोज हलणार, भोक सैल होत जाणार. त्यापेक्षा खुर्ची सरकवा.

वायरमन, लालबाग
मी वायरिंगपुरतं सांगतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कुठेही भोक पाडू नका. भिंतीत जुनी दाबलेली वायर आहे का याची खात्री नसेल तर खोलीचा मेन बंद करा आणि ड्रिलसाठी शेजारून एक्स्टेन्शन घ्या. टीव्हीची वायर लपवायला भिंतीत खाचा मारू नका, साडेचार इंची भिंतीत तर मुळीच नाही. वरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी पोकळ पट्टी) लावा. आणि तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आलंय का तपासून घ्या. जुन्या चाळींत तिसरं भोक नुसतंच असतं.

सूनबाई, ठाकूरद्वार
खूप आभार. भोक पाडून पाहिलं, बरोबर मध्ये लाकूड लागलं, दोन्ही बाजूंना वीट. भिंत शेजारच्या काकूंबरोबर सामाईक आहे. खांबालाच स्क्रू मारले तर?

परळचा सुतार
खांब सागवानी आणि टणक असेल तर त्याहून चांगली जागा नाही. गिलावा थोडा खरवडून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत घुसलं किंवा मातीसारखं काही बाहेर आलं तर वाळवी आहे, मग खांबाला हात लावू नका आणि घरमालकाला कळवा. लाकूड घट्ट असेल तर आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू फिरवा, नाहीतर जुनं सागवान फाटतं. प्लायचे मधले स्क्रू खांबात, कडेचे विटेत.

काकूंना आधी सांगा. पलीकडे त्याच जागी देवघर किंवा भांड्यांची मांडणी असेल तर काम होईपर्यंत उतरवून ठेवायला हवी, हादऱ्याने त्यांच्या बाजूचा गिलावाही पडू शकतो. भिंतीला आत्ता ओल असेल तर पावसाळा संपून ती सुकेपर्यंत थांबा.

प्लाय लागला की टीव्ही लगेच चढवू नका. दोन्ही हातांनी खाली आणि बाहेर चांगला जोर देऊन बघा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कडेने गिलाव्यात केसाएवढी जरी चीर दिसली तरी थांबा आणि इथे फोटो टाका.