अनुभव धागा : इंग्रजीचा उतारा समजून वाचायला कसे शिकलात, कसे शिकवलेत?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीत सुरू होत असे. उताऱ्याचे आकलन आणि शब्दसंग्रह यांसाठी प्रत्यक्ष काय उपयोगी पडले, ते दोन्ही पिढ्यांनी लिहावे. ‘भरपूर वाचा’ एवढाच सल्ला कृपया नको.

माध्यमिक शिक्षिका, नाशिक जिल्हा
आठवीच्या मुलांची ठरलेली युक्ती अशी, की प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते जसेच्या तसे उतरवायचे. तिला गुण मिळत असल्याने उतारा कळलेलाच नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी उतारे स्वतः लिहू लागले. काळे ढग पाहून शेतकरी घाईघाईने कांदा चाळीत भरतो, एवढाच मजकूर. त्यात ‘रेन’ हा शब्द कुठेही नाही. ‘व्हाय डिड द फार्मर हरी?’ या प्रश्नापाशी बहुतेक वह्या कोऱ्या राहिल्या. तेच मराठीत विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, “पाऊस आला तर कांदा सडंल ना, मॅडम!” तेव्हापासून आधी मराठीत चर्चा होऊ देते, उत्तर मात्र इंग्रजीतच लिहून घेते. (तपासणीला येणाऱ्यांना हे फारसे रुचत नाही.) ‘एक्स्पोर्ट’ इथे घरोघरी बोलला जातो, त्यातल्या ‘पोर्ट’चा अर्थ वाहून नेणे, असे सांगितल्यावर ‘इम्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’, ‘पोर्टर’ मुलांनीच जोडले. कोणी ‘एअरपोर्ट’ म्हणाले, तेव्हा तिथला ‘पोर्ट’ बंदराचा, हे वेगळे सांगावे लागले.

अभियंता, पुणे
मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेल्यावर प्रत्येक अडलेल्या शब्दाला शब्दकोश उघडत असे, आणि पान संपेपर्यंत सुरुवातीचा मुद्दा विसरलेला असे. पुढे एका प्राध्यापकांनी परिच्छेद आधी न थांबता पूर्ण वाचायला लावला आणि जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तेवढाच पाहायला सांगितला. बरेचसे शब्द संदर्भानेच उलगडू लागले.

निवृत्त शिक्षक, सोलापूर
पाठांतराला हल्ली नावे ठेवतात, ते मला पटत नाही. मी फळ्यावर रोज थोडे शब्द लिहून त्यांची वाक्ये पाठ करून घेत असे. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचे एकही पुस्तक नाही, त्याने संदर्भाने अर्थ लावायचा तरी कशाच्या आधारावर? मात्र सुटे शब्दार्थ परीक्षेनंतर टिकत नाहीत, वाक्ये टिकतात, एवढे मान्य करतो.