मदत हवी आहे : डोनेपेझिलचा डोस वाढल्यापासून आईची नाडी मंदावली आहे

आई ७९ वर्षांची, अल्झायमर. त्यावरच्या डोनेपेझिल या गोळीच्या ५ मिलिग्रॅमवर चार महिने बरी होती. डोस १० केला आणि तिसऱ्या आठवड्यात ती बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या कोसळली. नशीब, हाड मोडलं नाही. पण बीपी मशीनवर नाडी ४६-४८ दिसतेय, आधी सत्तरच्या आसपास असायची. अन्नावरची वासना उडालीय. घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला.

रक्तदाबासाठी ती मेटोप्रोलॉलही घेते. दोन्ही गोळ्या नाडी मंदावतात, हे मला पडल्यानंतर कळलं. (दोन गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांच्या, एकत्र यादी कुणी पाहिलीच नव्हती. मीसुद्धा नाही.) डॉक्टरांना कळवलंय, आजच ईसीजी आहे. मनाने काही बंद करणार नाही.

कुणाच्या घरी डोस परत ५ वर आणला का? नाडी किती दिवसांत सुधारली? रिव्हास्टिग्मीनच्या (याच प्रकारचं दुसरं औषध) त्वचेवर चिकटवायच्या पॅचने पोटाचा त्रास कमी झाला का? की नाडीमुळे तोही नको म्हणाले आणि मेमँटिन (अल्झायमरवरचंच, पण वेगळ्या प्रकारचं औषध) दिलं?

आणखी एक. रात्री ती आरडाओरडा करते म्हणून क्वेटियापिन (अँटिसायकोटिक, म्हणजे मनोविकारांवरचं औषध) सुचवलंय. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००५ मध्येच दिलाय, म्हणून हात धजत नाही. ज्यांनी दिलं, त्यांनी डॉक्टरांना आधी काय विचारलं? किती दिवसांनी बंद केलं? कृपया स्वतःचा अनुभवच सांगा, घरगुती काढे नकोत.