मदत हवी आहे: मियोशी उमेकीची जपानमधली गाणी

जपानमधल्या ओतारूत १९२९ साली जन्मलेली गायिका-अभिनेत्री मियोशी उमेकी ओळखली जाते ती ‘सायोनारा’ या चित्रपटासाठी मिळालेल्या ऑस्करमुळे. मला मात्र तिचं त्याआधीचं गाणं हवंय. १९५५ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी ती जपानमध्ये ‘नॅन्सी उमेकी’ या नावाने जॅझ गायची. तो हळुवार, जराही घाई नसलेला आवाज फार सुंदर आहे!

अमेरिकेतल्या मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीची गाणी आणि ‘फ्लॉवर ड्रम साँग’ हे संगीतनाटक ऐकून झालंय. दोन्ही नावांनी शोधलं, तर जुनी गाणी सुटी मिळतात. साल, वादक काहीच कळत नाही. जपानी वाचता येत नाही, रेकॉर्ड प्लेअरही नाही. सीडी किंवा डिजिटल चालेल.

१९५५ पूर्वीची गाणी अशा नोंदींसह एकत्र असलेला कोणता संच मिळेल, आणि भारतात कुठून मागवता येईल?