अंध मुलाला स्वयंपाक शिकवायचा की मेसचा डबा लावून द्यायचा?

तापीकाठ: भाचा पूर्ण अंध आहे. बँकेत लागला, जळगावात खोली घेतली. घरच्यांनी ठरवून टाकलं, डबा लावा, शेगडीचं नाव नको. त्याला शेगडीच हवीय आणि मी त्याच्या बाजूने आहे. ब्रेल, टॉकबॅक (फोनचा पडदा वाचून दाखवणारं), पांढरी काठी सगळं शिकवलं; चहा मात्र अजून आईच गाळून हातात देते. बोला.

भुसावळचा भो: गॅस म्हणजे खेळ आहे का? बाही पेटली तर कोण बघणार? जळगावात डबे गल्लोगल्ली मिळतात. बँकेतली किती डोळस पोरं रांधतात? त्यांना कोणी विचारत नाही, मग अंधालाच ही परीक्षा का?

वरणबट्टी: भाऊ, मी स्वतः अंध आहे आणि दोन्ही वेळा रांधते. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणूनच वास मिसळलेला असतो, त्याला डोळे लागत नाहीत. भांडं आधी बर्नरवर मधोमध बसवायचं, मग लायटर. ओढणी खोचलेली. मोहरीची तडतड ओसरली की कांदा. तो उलथन्याला आधी जड लागतो, परतला की सैल होतो, वासही गोडसर येतो. भाकरीखाली उलथनं सरकवलं की ती अख्खी फिरली पाहिजे. चिकटली तर थांबायचं. भरिताचं वांगं मी चिमट्याने देठाशी दाबते, तिथे कडक लागलं तर अजून कच्चं. (तुरकाठ्यांवर भाजलेल्याची चव गॅसवर येत नाही, तो वाद वेगळा.)
खरा ताप इंडक्शनचा. सपाट काच, बटण बोटाला लागतच नाही आणि चाचपलं की भलतंच चालू होतं. मी बटणाच्या शेजारी कपाळाच्या टिकल्या चिकटवल्यात.

भुसावळचा भो: तुम्हाला जमलं, ताई, मानलं. 2012 मध्ये अमेरिकेत अंध असलेल्या क्रिस्टीन हा यांनी मास्टरशेफ ही टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा जिंकली, तेही ऐकून आहे. पण तिथे मदतनीस शेजारी होती. हा पोरगा खोलीत एकटा.

शेवभाजी पार्सल: रविवारी रात्री मेस बंद, तेव्हा एकटा पोरगा काय खाणार? बिस्किटं? आणि रोज कुणीतरी ठरवलेलं तिखट गिळायचं.

वरणबट्टी: मुलींचंही सांगते. डोळस मुलीला 'सासरी काय करशील' म्हणून चुलीपुढे बसवतात आणि अंध मुलीला 'तुला कोण करायला सांगतंय' म्हणून उठवतात. मला उठवलं होतं.

भुसावळचा भो: बरं, शिकवा. पण पहिला महिनाभर आईला खोलीवर राहू द्या.

वरणबट्टी: आई तिथे असली तर तो शिकणारच नाही. पहिल्या चटक्याला ती हातातलं उलथनं काढून घेईल. शेजारची एखादी कडक मावशी बघा.

तापीकाठ: मावशी आहे. तिचं म्हणणं, आधी कुकर, भाकर नंतर.