मदत हवी आहे: हँडपंपची बिअर आंबट लागली तर परत करता येते का?

लीड्सकर मंडळी, एक शंका. शनिवारी घरामागच्या गल्लीतल्या जुन्या पबात गेलो. जागा झकास! शेकोटी पेटलेली, कोपऱ्यात दोन आजोबा डॉमिनो खेळतायत, टीव्ही नाही, बाकाखाली कुणाचा तरी कुत्रा घोरतोय. पण बिटरचा (इथली कडवट चवीची बिअर) पहिला घोट घेतला आणि चक्क व्हिनेगर! रंगही गढूळ. तरी गुपचूप अर्धा पाइंट संपवला. (भिडस्तपणा, दुसरं काय.)

कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरलेली, हँडपंपने ओढून देतात ती बिअर, थंडगार नसते, ११ ते १३ अंशांवर देतात, फार फसफसत नाही, एवढं कळतं. ब्रिगेट रस्त्याजवळच्या बोळातल्या १७१५ सालच्या व्हाइटलॉक्स पबात पितो, तिथे असं कधी झालं नाही. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपावं लागतं ना? इथे गिऱ्हाईकच चार टाळकी, त्यामुळे असेल का?

पुढच्या महिन्यात बाबा येतायत, पक्के किंगफिशरवाले. त्यांना ती शेकोटी दाखवायचीच आहे. ग्लास परत करताना नेमकं काय बोलता तुम्ही? आधी घोटभर चव मागितली तर चालतं का? की तिथे सरळ बाटलीच घेऊ?