छोट्या कलाकेंद्रात बँडचा कार्यक्रम: गाण्याचे शब्द ऐकू यायला हवेत, काय करावं?

निषाद
आमचा चौघांचा बँड आहे. ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार आणि गायिका. ती दोन गाण्यांत अकूस्टिक गिटारही वाजवते. पुढच्या महिन्यात एका कलाकेंद्रात कार्यक्रम आहे. केंद्र पूर्णपणे कार्यकर्त्यांच्या जिवावर चालतं. हॉल लहान, भिंती सपाट, छत खाली. सिस्टीम म्हणजे दोन स्पीकर, एक मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) आणि आठ चॅनलचा मिक्सर. याआधी अशाच एका जागी आमचे शब्द कुणालाच कळले नव्हते, आणि माईक वाढवला की शिट्टी मारायचा. गाणी आमची स्वतःची आहेत, लोक ती पहिल्यांदाच ऐकणार. मोठे स्पीकर भाड्याने आणावेत का?

खर्ज
मोठे स्पीकर आणू नका. अशाच एका केंद्रात मी बरीच वर्षं मिक्सरवर बसते. छोट्या हॉलमध्ये आवाजाची पातळी मिक्सर ठरवत नाही, ड्रम ठरवतात. ते माईकशिवायही खोलीभर ऐकू येतात. गळ्याला ती ताकद नाही, म्हणून सिस्टीमची सगळी ताकद गायिकेसाठी राखून ठेवा.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, आधी फक्त ड्रम आणि गाणं घ्या. दोन्ही एकत्र असताना हॉलच्या मागच्या भिंतीपाशी शब्द स्पष्ट कळले की बेस, मग गिटार. गिटार आल्यावर शब्द बुडाले तर गिटार खाली आणायची, गाणं वर चढवायचं नाही. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

गिटारिस्ट ॲम्प (गिटारचा स्वतःचा स्पीकर) वाढवत का जातो माहितीये? ॲम्प जमिनीवर असतो, स्पीकरचं तोंड त्याच्या पोटऱ्यांकडे. त्याला स्वतःचं नीट ऐकू येत नाही, पहिल्या रांगेच्या मात्र थेट कानात जातं. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. तोंड त्याच्या कानाकडे झालं की न सांगता तोच आवाज कमी करतो. इतकी साधी गोष्ट, पण हॉल बदलून जातो!

आता शिट्टी. अशा जागी बहुधा शुअर कंपनीचा एसएम ५८ माईक असतो. १९६६पासून तो स्टेजवर आहे आणि गाण्यासाठी उत्तम आहे. तो समोरून सगळ्यात जास्त ऐकतो, पाठीमागून सगळ्यात कमी. म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीकडे हवा, आणि मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. गायिकेने जाळी मुठीत धरू नये. मागचे छेद झाकले की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी येते. ओठ जाळीच्या जवळ ठेवून गायलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून घाबरू नका. माणसं बसली की ती आवाज शोषून घेतात, वरच्या पट्टीतला तर जास्तच.

ठेका
मी ड्रमर. खर्जताईंशी सहमत. अशा जागी मी जाड काठ्या नेतच नाही. बारीक काड्यांची जुडी बांधलेले रॉड्स वापरतो. स्नेअर ड्रमवर टेपचा छोटा तुकडा, ड्रमखाली जाड सतरंजी. सतरंजीने पायाने वाजवायचा किक ड्रम पुढे सरकतही नाही. जोर कमी करून लय तशीच घट्ट ठेवायची, याचा सराव मात्र तालमीतच करा. आणि कानांत प्लग घाला. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या 'नायोश' संस्थेची मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात.

पडद्यामागे
तांत्रिक बाजू झाली, मी केंद्राच्या बाजूने लिहितो. आठवडाभर आधी एक कागद पाठवा: कोण कुठे उभं राहणार, किती माईक, विजेचे पॉइंट कुठे हवेत. मिक्सरवर बसणारी व्यक्ती नोकरी करून आलेली असते, तिला हे आधी कळलं की केबल टाकूनच ठेवते. कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळायला थांबा, खुर्च्या उचला. अशी केंद्रं माणसांच्या वेळावर उभी असतात. अमेरिकेतल्या बर्कली शहरातलं ९२४ गिलमन हे केंद्र १९८६च्या शेवटच्या रात्री सुरू झालं, ते स्वयंसेवकांनीच चालवलं. ग्रीन डेसारखा बँड सुरुवातीला तिथेच वाजवायचा. नवख्या बँडला स्वतःची गाणी वाजवायला जागा मिळते ती अशाच लोकांमुळे.

निषाद
खूप आभार सगळ्यांचे. स्पीकरचा विचार सोडला, कागद आजच करतो. अकूस्टिक गिटार थेट मिक्सरला लावली तर चालेल का? मागे फार गुणगुण येत होती.

खर्ज
मध्ये डीआय बॉक्स हवा, म्हणजे गिटारचा सिग्नल माईकच्या केबलवरून पाठवता येईल असा करणारी छोटी पेटी. गिटारची साधी केबल लांब झाली की वाटेतला विजेचा गोंगाट पकडते. डीआय स्टेजवर गिटारजवळ ठेवायचा आणि तिथून मिक्सरपर्यंत माईकची केबल. केंद्राकडे आहे का ते त्याच कागदावर विचारून घ्या. गिटारची केबल काढण्याआधी तो चॅनल म्यूट करायला सांगा, नाहीतर स्पीकरमधून 'धप्प' येतं. गाण्यांची यादी मिक्सरवाल्यांना छापून द्या, अकूस्टिक कुठल्या दोन गाण्यांत आहे त्यावर खूण करून.