मदत हवी आहे : दहावीतल्या भाच्यासाठी पेंटबॉलचे पहिले सामान, बजेट १८ हजार

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येतेय, सोबत भाचा. त्याची दहावीची परीक्षा नुकतीच झाली. पुण्याला चुलत भावांबरोबर पेंटबॉल (हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायचा खेळ) खेळून आला तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचत नाही. मोबाइलमधली नेमबाजी सोडून पोरगा पळायला, घाम गाळायला, चार जणांशी बोलून डाव आखायला मागतोय, याचा मला मनापासून आनंद आहे. पहिले सामान मामानेच घ्यायचे असे मी ठरवले आहे. जास्तीत जास्त १८ हजार. यंदा कापसाच्या पैशांतून याहून जास्त निघत नाहीत, आणि बहिणीला यात रुपयाही घालू द्यायचा नाही.

भाच्याने वहीत यादी करून दिली आहे : मार्कर (गन म्हटले की तो लगेच दुरुस्त करतो), मास्क, वरचा हॉपर (गोळ्या भरायचे भांडे), हवेची टाकी, बॅरलवर म्हणजे नळीवर घालायचे कव्हर आणि गोळ्या. गोळी .६८ कॅलिबरची, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर, हे समजले. मार्करमध्ये टिपमन ९८ हे साधे, मेकॅनिकल मॉडेल दणकट असते, षटकोनी पान्याने उघडून घरी साफ करता येते, ओ-रिंग (रबरी कड्या) बदलता येतात असे वाचले. ते मला पटले. मोटार, पंप, फवारणीचा पंप आम्ही घरीच खोलतो, तेव्हा यालाही हात लावता येईल. इलेक्ट्रॉनिक नकोच.

अडलो आहे ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली, हवा. कॉम्प्रेस्ड एअरची म्हणजे दाबून भरलेल्या हवेची टाकी ३००० पीएसआय दाबाची म्हणतात. आमच्याकडे टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दीडशेच्या आसपास थांबतो. मग सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घ्यावा का? सोडावाल्याकडे सीओटूचे मोठे सिलिंडर असते, तो ओळखीचा आहे, भरून देतो म्हणतो.

दुसरी, मास्क. चुलत भावाचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. त्याच्याकडचा गॉगल आणि वर रुमाल चालला तर ते पैसे मार्करकडे वळवता येतील. चालेल का?

तिसरी, जागा. पऱ्हाट्या उपटून झाल्यावर दोन एकर रान मोकळे आहे. टायर, ड्रम, कडब्याच्या पेंढ्या लावून आडोसे करता येतील. गोळ्यांच्या रंगाने जमिनीला किंवा जनावरांना काही होते का?

जाणकारांनी सविस्तर सांगावे. पोराचा हिरमोड करायचा नाही, पण त्याला इजाही होऊ द्यायची नाही.

गोदाकाठ (नाशिक)

बोरीकाठ भाऊ, मी इथल्या मैदानावर मुलांना खेळवतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

फॅब्रिकेशनचा गॉगल अजिबात नको. .६८ ची गोळी तीन ग्रॅमच्या आसपास असते आणि मैदानावर तिला सेकंदाला २८० ते ३०० फुटांपर्यंत मुभा असते. त्या वेगाने आलेली गोळी गॉगलची काच फोडू शकते, किंवा गॉगलच डोळ्यांवरून उडवू शकते. पेंटबॉलचाच मास्क घ्या, डोळे, कान, तोंड झाकणारा, आणि त्यावर एएसटीएम एफ१७७६ हे पेंटबॉलच्या मास्कसाठीचे मानक छापलेले पाहा. काच दुहेरी, थर्मल असू द्या. आपल्या उन्हात साध्या काचेवर वाफ धरते, पोरगा ती पुसायला मास्क वर करतो आणि नेमकी तेव्हाच गोळी येते. तुमच्या १८ हजारांतला पहिला खर्च हा. बाकी कपड्यांवर काही घालवू नका, जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि मानेला रुमाल पुरे.

आता हवा. सोडावाल्याला हात जोडून नाही म्हणा. सीओटू टाकीत वजनावर भरतात, आणि टाकीच्या मापापेक्षा थोडा जरी जास्त गेला तरी धोका. २१ अंशांना टाकीत साधारण ८५० पीएसआय असतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आखाजीला तुमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. भरलेली टाकी गाडीत किंवा बांधावर उन्हात राहिली तर सेफ्टी डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी चकती) फुटेल. शिवाय सकाळी लावलेला वेग दुपारी राहत नाही, तीच गोळी जास्त जोरात लागते, आणि तुमच्याकडे वेग मोजायला क्रोनोग्राफ नाही.

कायद्याचेही बघा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मान्यता नसलेल्या सिलिंडरमध्ये वायू भरता येत नाही. ही मान्यता पेसो ही केंद्र सरकारची संस्था देते, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ही मान्यता नसलेली, परदेशातून मागवलेली टाकी इथे कोणी नियमाने भरून देणार नाही. जुनी कोणी देऊ केली तर तिच्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहा. आणि टाकी मार्करवरून काढताना वरचा व्हॉल्व्हच टाकीतून फिरत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. तो सुटला तर टाकी गोळ्यासारखी उडते, माणसे गेली आहेत त्यात.

माझे मत : मास्क आणि बॅरल कव्हर आत्ता घ्या, मार्कर नको. उरलेल्या पैशांत त्याला सुट्टीत मैदानावर आणा, मार्कर आणि हवा भाड्याने मिळते. अमळनेरात टाकी रिकामी झाली की मार्कर भिंतीवरच टांगून राहील.

पांझरा (धुळे)

गोदाकाठ दादांशी सहमत, पण पोराला घरी काहीच न खेळता ठेवणे जड जाईल. माझ्या मुलासाठी आम्ही .५० कॅलिबरचा स्प्रिंगवर चालणारा मार्कर घेतला, जेटी स्प्लॅटमास्टर या प्रकारातला. हवा, गॅस काही लागत नाही, प्रत्येक गोळीला हाताने ओढायचा. मार कमी बसतो, तरी मास्क तोच आणि तितकाच सक्तीचा, बघायला उभे राहणाऱ्यांनाही. शेतात चार मुलांना पुरेसा होतो.

गोळ्यांचे कवच जिलेटिनचे, आत पॉलिथिलीन ग्लायकॉल आणि पाण्यात धुतला जाणारा रंग. शर्ट धुतला की जातो. पण कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या तर तो खरोखर आजारी पडतो, तेव्हा शेतावर कुत्रा असेल तर खेळ संपेपर्यंत बांधा आणि न फुटलेल्या गोळ्या वेचून घ्या. वेचलेल्या परत भरू नका, धूळ लागलेली किंवा दबलेली गोळी बॅरलमध्येच फुटते. गोळ्यांचा डबा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मऊ पडून चिकटतात. घरात गार कोपऱ्यात ठेवा, फ्रीजमध्येही नको.

आणि भाऊ, मार्कर पिशवीत घालूनच न्या-आणा. लांबून खरी बंदूक वाटते. शेतात खेळणार असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा.

बोरीकाठ (अमळनेर)

दोघांचे मनापासून आभार. सोडावाल्याला आजच नाही सांगितले. आखाजीला मास्क, बॅरल कव्हर आणि स्प्रिंगचा मार्कर देतो, खेळ सकाळी सात ते नऊ. निकाल लागला की नाशिकच्या मैदानावर आणतो, म्हणजे टिपमन त्याला हातात धरून बघता येईल.

एकच राहिले : भाच्याला चष्मा आहे. तो काढला तर त्याला समोरचे धड दिसत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

चष्म्यावरून बसणारे, आत खोल फ्रेम असलेले मास्क मिळतात. विकत घेण्याआधी त्याच्या चष्म्यासकट घालून बघा. काडी कानामागे दाबली जाता कामा नये, फोम गालाला आणि कपाळाला सगळीकडून टेकला पाहिजे. काडीपाशी फट राहिली तर तो मास्क सोडून दुसरा बघा. चष्म्याच्या काचा प्लास्टिकच्या करून घ्या.